झोपेत पाजलेलं दूध

परवा दुपारी मी स्वप्नात जावेच्या मुलाला अंगावर पाजलं.

थोरली जाऊ नर्स. ती ड्यूटीवर गेली की तिचा चार महिन्यांचा मुलगा आणि माझी तीन महिन्यांची मुलगी, दोघं माझ्याकडे. त्याला बाटली, हिला अंगावर. हिला पाजून, त्याला मांडीवर घेऊन भिंतीला टेकले आणि डोळा लागला. जाग आली तर बाटली कलंडलेली, माझी बटणं उघडी. स्वप्नच होतं की खरंच पाजलं, अल्ला जाणे. सलग दोन तासांची झोप कशी असते तेच मी विसरलेय.

पाजलं असेल तर दोघं दूधभावंडं. आमच्यात चुलत भावंडांचा निकाह होतो, पण एकाच बाईचं दूध प्यायलेल्यांचा कधीच होऊ शकत नाही. आणि अम्मी, आमच्या सासूबाई, तर त्याला नवरदेव म्हणतात, हिला नातसूनबाई. जावेच्या माहेरीसुद्धा शब्द टाकून मोकळ्या झाल्यात. मी गप्प बसले आणि वीस वर्षांनी खरंच लग्न लागलं तर?

मुफ्तीसाहेबांना फोन लावला.

"बेटी, स्वप्न हा पुरावा नाही. पण बाई झोपेत असली तरी बाळाच्या पोटात दूध गेलं, तर नातं लागतं. जागं असलेल्या कुणी पाहिलं का?"

"बाळ जागं होतं."

"त्याची साक्ष नको," ते हसले. "घरात कुणी आलं होतं?"

आली होती. जाऊच.

"भाभी, परवा तुम्ही आलात तेव्हा काय पाहिलंत?"

गणवेशाची पिन काढता काढता ती थांबली. "तो झोपलेला. तोंडात बाटलीच होती."

माझा जीव भांड्यात पडला.

"पण ही रडून लाल झालेली. तुला हलवलं, तू ढिम्म. बसल्याबसल्या घोरत होतीस. उठवायचं जिवावर आलं. मग मीच घेतलं हिला."

"पाजलंत?"

"पोटभर. चांगली जागी होते मी."

आता आठवलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मुलीनं दूधच मागितलं नव्हतं.

"बोलला नाहीत?"

"अम्मींना कोण सांगणार?"

अम्मी दारातच उभ्या होत्या. "एकीला झोप आवरेना, दुसरीला माया आवरेना," त्या म्हणाल्या. "ठरलेलं लग्न मोडलंत माझं." आणि दोन्ही बाळं उचलून बाहेर गेल्या.

"पड जरा," जाऊ म्हणाली. मी पडले. भांडायचंही त्राण नव्हतं. बाहेरून अम्मींचा आवाज आला, "ए नवर—"

थांबल्या.

"सोड रे. बहिणीचा खुळखुळा आहे तो."