लाइटच्या तारेची शेजारीण

मित्रांनो, मी टेलिफोनची एक जुनी तार आहे. बोईसरला इंदुबाईंची चाळ आहे. १९८६ साली लाइनमनने मला तिथल्या भिंतीवर ठोकलं, लाइटच्या तारेपासून चांगलं हातभर लांब. अख्ख्या चाळीत फोन एकच. कारखान्यात कामाला आलेले सगळे भाडेकरू गावी हाच नंबर देऊन ठेवत. माझी ऐट काय विचारता!

पुढे भिंतींना चुना लावताना इंदुबाईंच्या डोळ्यांत मी खुपले. "दोन दोन तारा बऱ्या दिसत नाय. एकाच पट्टीत घाला," त्या रंगाऱ्याला म्हणाल्या. त्याने मला लाइटच्या लाकडी पट्टीत कोंबलं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या! शेजारणीची घरघर माझ्या अंगात शिरली. फोनवर बोलणं कमी आणि गुणगुण जास्त ऐकू येऊ लागली. लोक मला नावं ठेवत. फार वाईट वाटायचं.

मे महिन्यातल्या एका दुपारी भाडेकरू विजयासाठी येवल्याहून ट्रंक कॉल आला. तिची आई दवाखान्यात बेशुद्ध होती. वडील बोलत होते आणि मी नुसती गुणगुणत होते.

"आबा, आई कशी आहे? काहीच ऐकू येत नाही, आबा!" विजया रडू लागली. कॉल तीनच मिनिटांचा.

लाइट गेली की फोन स्वच्छ ऐकू येतो, हे इंदुबाईंना ठाऊक होतं. त्या धावल्या आणि त्यांनी चाळीचा मेन स्विच खाली ओढला. सगळे पंखे थांबले. रात्रपाळी करून झोपलेला दुसरा भाडेकरू चंद्रभान घामाघूम होऊन बाहेर आला. इंदुबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

आता आबांचा आवाज माझ्यातून लख्ख आला, "आई शुद्धीवर आली, पोरी. तुलाच विचारतेय."

विजया पदराने डोळे पुसत हसू लागली.

"राहू द्या मेन बंद," चंद्रभान हळूच म्हणाला. "बोलू द्या तिला."

तो कारखान्यात वायरमन होता. दुसऱ्याच दिवशी त्याने मला पट्टीतून सोडवून पुन्हा हातभर लांब ठोकलं. इंदुबाई मान खाली घालून त्याला खिळे देत होत्या.

आता घरोघर फोन आलेत. माझ्यावर चुन्याचे थर चढलेत, कुणी माझ्याकडे बघत नाही. मित्रांनो, त्याचं मला दुःख नाही. पण माझ्या धाकट्या बहिणींना तरी लाइटपासून लांब ठेवा.

काल केबलवाला आला आणि टीव्हीची नवी वायर त्याच लाकडी पट्टीत घालू लागला. थकलेल्या इंदुबाई खाटेवरून उठून बसल्या.

"तिथं नको, बाबा," त्या म्हणाल्या. "तिथं आमी एकदा एका पोरीला रडवलं हाय."