मी, पुढच्या काचेतला तडा

मी तडा बोलतोय. फुटक्या छत्र्या आणि मोडक्या खुर्च्या बोलायला लागल्या की आधी माणसांचे आभार मानतात, मग डोळे पुसतात. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. मला माणसं आवडत नाहीत, त्यांना मी आवडत नाही. फिटंफाट.

त्यात लोक म्हणतात, काचेला तडा गेला. गेला कुठे? चांगला आलो होतो की मी! आणि बोलावणं धाडल्याशिवाय आलो नव्हतो.

माझा जन्म एका रविवारी सकाळी, कडाक्याच्या थंडीत झाला. माशांची टाकी सासूबाईंची. तीन फूट लांब, बैठकीच्या खोलीत लोखंडी स्टँडवर ठेवलेली. आत पाच सोनेरी मासे. सासूबाई बाहेरून आल्या की आधी त्यांची विचारपूस करत, मग सुनेची. त्या आठवड्यात त्या बहिणीकडे गेल्या होत्या आणि जाताना बजावून गेल्या होत्या, “रविवारी पाणी बदल. नवं पाणी आदल्या दिवशीच बादलीत काढून ठेव. विसरशील हां!”

सून विसरणाऱ्यातली नव्हती. शिकलेली, हुशार आणि भित्री. भित्री म्हणजे इतकी की अकरा महिन्यांची लेक शांत झोपली तरी ही तिच्या नाकापुढे बोट धरून बघणार. लेकीचं नाव चांगलं लांबलचक आहे, पण एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात.

त्या सकाळी सुनेने टाकीतलं पाणी वीतभर ठेवून बाकी काढलं आणि नव्या पाण्याच्या बादलीत हात घातला. नुसता बर्फ. “बिचाऱ्यांना हुडहुडी भरेल,” ती पुटपुटली. गॅसवर पातेलं चढलं. तापलेलं पाणी तिने बादलीत मिसळलं आणि कोपर बुडवून पाहिलं. भिंगरीच्या अंघोळीचं पाणी ती तसंच बघते. कोपराला बरं वाटलं म्हणजे साऱ्या जगाला बरं.

मासे दचकू नयेत म्हणून पहिला तांब्या तिने पुढच्या काचेवरून हळूच सोडला. काच गारठलेली, पाणी ऊन.

टिक्.

हे माझं पहिलं रडणं. डाव्या कोपऱ्यात खाली, काचेच्या काठाला कापतानाच एक टवका उडालेला होता. तिथून मी पेरभर बाहेर आलो. तिने आवाज ऐकला. तिने घड्याळाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, भिंगरीच्या खुळखुळ्याकडे पाहिलं. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. उरलेलं पाणी तिने गार होऊ दिलं, मग ओतलं.

तड्याची हौस एकच असते: या काठापासून त्या काठापर्यंत जायचं. माझ्या पाठीशी शंभर लिटर पाणी रेटत होतं. समोर जमिनीवर चटई होती आणि चटईवर भिंगरी. तिच्याबद्दल मला काही वाटलं का? नाही. खोटं कशाला बोलू?

सासूबाई सोमवारी परतल्या. सून दिवसभर घुटमळली, मग म्हणाली, “आई, हे बघितलंत? इथे तडा गेल्यासारखा वाटतोय. टाकी रिकामी करू या का?”

सासूबाईंनी चष्मा वर केला, खाली केला. “ओरखडा आहे तो. तुला काय, अंगावर घामोळं दिसलं तरी कांजिण्या वाटतात.”

त्यांना ओरखडाच हवा होता. सुनेची पाठ वळली की त्या टाकीतलं शेवाळ तारेच्या घासणीने खरवडत. तशी घासणी काचेला लावू नका, असं दुकानदाराने चारदा सांगितलं होतं. जेवणाची ताटं मांडायच्या आत ती घासणी कचऱ्याच्या डब्यात, जुन्या वर्तमानपत्राखाली गेली. म्हणतात ना, चोराच्या मनात चांदणं! इथे तर दोन मनांत लख्ख पडलं होतं. दोघींना वाटत होतं, आपल्यामुळेच झालं. म्हणून दोघी एकमेकींवर खेकसत होत्या. मला असलं घर फार मानवतं.

सुनेने माझ्या टोकाशी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. बुधवारी मी तो ओलांडला. तिने दुसरा दिला. शुक्रवारी तिसरा.

“काचेला गोवर आलाय का?” सासूबाई म्हणाल्या.

नवरा म्हणाला, “अगं, आधीचा ठिपका तूच अलीकडे दिला असशील.”

तिला तेही खरं वाटलं. हिची हीच गोष्ट मला सर्वांत प्रिय. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंही तिला दुसऱ्याने सांगावं लागतं. तिने माझ्यावर कोरडा कागद दाबून पाहिला. मी थेंबही सोडला नाही. तिने चटई लांब सरकवली, सासूबाईंनी ती परत ओढली. “इथून मासे दिसतात तिला. पोरीचं सुख बघवत नाही का तुला?”

शनिवारी सुनेने नवऱ्याला टाकीच्या दुकानदाराला फोन लावायला लावला. फोनचा स्पीकर चालू होता. सासूबाई शेजारी वाटाणे सोलत बसल्या होत्या.

“नख अडकतंय का?” दुकानदाराने विचारलं.

“थोडंसं.”

“साहेब, थोडंसं अडकतंय म्हणजे अडकतंय. आत गरम पाणी वगैरे पडलं होतं का? तसं असेल तर तडाच आहे. मग माझ्याशी बोलत बसू नका, टाकी उपसा.”

नवरा हसला. “छे हो! माशांना कोण गरम पाणी घालतंय?”

तेवढ्यात भिंगरी स्टँडला धरून उभी राहिली आणि दोन्ही तळव्यांनी काच बडवू लागली. थाप, थाप. प्रत्येक थापेला मी केसभर पुढे. सुनेने लेकीकडे पाहिलं, मग सासूकडे. एकदा कबूल केलं की सासूबाईंच्या हाती जन्मभराचं कोलीत जाणार, हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. माझी सगळी भिस्त त्याच्यावरच होती.

“मी घातलं,” ती म्हणाली. “कोपर बुडवून बघितलं होतं.”

वाटाण्याची शेंग सासूबाईंच्या बोटांत तशीच राहिली. “कोपर? मासे पाळण्यात घालायचे होते का गं?”

“तो थाप थाप आवाज कसला?” फोनमधून दुकानदार ओरडला. “पोर आहे का तिथे? उचला आधी!”

सुनेने कधीच उचललं होतं.

मग नळी आली, बादल्या आल्या. मी जीव खाऊन पळालो. पण पाणी उतरत गेलं तसा पाठीमागचा रेटा सुटला, आणि पलीकडचा काठ चार बोटांवर असताना मी थांबलो. मासे भिंगरीच्या अंघोळीच्या टबात गेले. “आता याचंही पाणी कोपराने बघ,” सासूबाई म्हणाल्या.

ती सुरुवात होती. शेजारीण आली, तर सासूबाई तिला म्हणाल्या, “आमच्याकडे माशांना न्हाऊमाखू घालतात.” बहिणीचा फोन आला, तिला तेच. भिंगरीला लस टोचायला गेल्या तर तिथल्या नर्सलासुद्धा. सून दर वेळी खाली बघायची. काचेत मी अडकलो होतो, पण त्या घरात माझी घोडदौड चालू होती.

आज दोघी मला काचेसकट जुन्या चादरीत गुंडाळून काचवाल्याकडे घेऊन आल्या, याच मापाची नवी काच हवी म्हणून. काचवाल्याने चादर सोडली, माझ्यावरून अंगठा फिरवला.

“कुणाचा प्रताप हा?”

सासूबाईंनी घसा खाकरला. पण सून आधी बोलली.

“माझा. थंडीत गरम पाणी ओतलं. आणि वर आठवडाभर गप्प बसले, ते जास्त वाईट. मुलगी समोरच खेळायची.”

या वेळी तिची मान वर होती आणि वाक्य तिने पुरं केलं. सासूबाईंनी चादरीची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली.

“आहे त्यापेक्षा जाड द्या,” त्या शेवटी काचवाल्याला म्हणाल्या.

दोघी गेल्या. मी भिंतीला टेकून उभा आहे. फुटक्या काचा पिंपात मावायला हव्यात, म्हणून काचवाल्याने हातोडी घेतली आहे. माणसांपुढे कधी हात पसरला नाही, पण आता एकच मागणं आहे. दादा, घाव घालायचाच तर माझ्या टोकाशी घाल. चारच बोटं उरलीत. त्या भित्र्या बाईने जाऊ दिलं नाही, तू तरी जाऊ दे.