बाळ झोपलं होतं

कोर्टातल्या माझ्या साक्षीच्या आधीच्या रविवारी आमच्या स्वयंपाकघरात कोर्ट भरलं. टेबलाच्या टोकाला न्यायाधीश म्हणून सासूबाई, पुढ्यात निवडायला घेतलेली पालेभाजी. आरोपीचे वकील माझे धाकटे दीर. कायद्याच्या पहिल्या वर्षाला ते दुसऱ्यांदा बसलेत, त्यामुळे तेवढं वर्ष त्यांचं अगदी पक्कं आहे. नवरा बाळाला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होता.

"तर वहिनी," दीर खाकरून म्हणाले, "रिकाम्या फ्लॅटमध्ये घर दाखवणाऱ्या एजंटनं मागून येऊन तुमच्या कुडत्यात हात घातला, असं तुमचं म्हणणं. मग ओरडला का नाहीत?"

"बाळ झोपलं होतं."

सासूबाईंच्या हातातली जुडी खाली पडली. "हे असं सांगणार आहेस तिथे?"

"आई, खरं तेच आहे."

होतंच तसं. दातांपायी रात्रभर रडलेलं बाळ नुकतं कुठे माझ्या खांद्यावर डोळे मिटून पडलं होतं. नवरा खाली स्कूटर लावायला जागा शोधत होता. तो हात लागला आणि माझ्या अंगाचा दगड झाला, आणि डोक्यात आलं काय, तर आता ओरडले तर हे उठेल. मी कोपरानं त्याला ढकललं, जिना उतरले, बाळ नवऱ्याच्या हातात दिलं आणि मग ओरडले. अशी ओरडले की समोरच्या न्हाव्यानं गिऱ्हाईक अर्धवट सोडून बाहेर धाव घेतली. बाळ उठलंच.

"कोण विश्वास ठेवेल यावर?" दीर म्हणाले. "त्यापेक्षा म्हणा, भीतीनं वाचा बसली."

"वाचा बसलेली बाई एवढी ओरडते?" नवरा म्हणाला. "माझा कान दोन दिवस वाजत होता."

"मी सांगते ना, मी पाहिलं म्हणून," सासूबाईंनी निकाल देऊन टाकला.

"आई, तुम्ही मावशींकडे होतात!"

"असेना. साधं गॅसचं कनेक्शन घ्यायचं तर दोन पुरावे मागतात. इथे हिच्या एकटीच्या शब्दावर माणूस आत जाणार?"

हे मला लागलं. कारण या घरात माझ्या एकटीच्या शब्दावर दूधसुद्धा तापत नाही. मी तापलं म्हटलं की सासूबाई झाकण काढून बघतात. मी थर्मामीटर वाचून ताप नाही म्हटलं की त्यांचा हात बाळाच्या कपाळावर जातोच. सरकारी वकीलबाई मला म्हणाल्या होत्या, "तुमची एकटीची साक्ष पुरेल. पण ती तुमची हवी, घरच्यांनी शिजवलेली नको." मी मान डोलावली होती. पण कोर्टानंही झाकण काढून बघितलं तर?

"शेवटचा प्रश्न," दीर रंगात आले होते. "तुम्ही आधी त्याच्याकडे बघून हसलात, खरं ना?"

सासूबाईंनी पळी उगारली.

"आई, न्यायाधीश मारत नाहीत!"

"म्हणूनच ही वेळ आलीय!"

प्रत्यक्षात कोर्टाचं दार बंद ठेवून साक्ष झाली. सासूबाई बाळाला घेऊन बाहेर बाकावर. आत एजंट कडक इस्त्रीच्या शर्टात, आणि त्याचा वकील, ज्याचा आवाज खोलीला पुरून उरत होता.

"ओरडला का नाहीत?"

वाचा बसली म्हणणं किती सोपं होतं.

"बाळ झोपलं होतं."

तो मनसोक्त हसला. "ऐका साहेब! बाईंना अब्रूपेक्षा पोराची झोप मोठी!"

हे तो इतक्या जोरात म्हणाला की दाराबाहेर बाळ दचकून उठलं. मग जो टाहो फोडला! त्यावर सासूबाईंचं बेसूर अंगाईगीत. वकिलानं दोन प्रश्न तसेच रेटले, पण टायपिस्टबाई म्हणाल्या, "साहेब, काही ऐकूच येत नाही." शेवटी न्यायाधीशांनी बाळाला आत आणायला सांगितलं. सासूबाईंनी ते माझ्या हातात दिलं, वकिलाकडे पळीवाल्या नजरेनं पाहिलं आणि गेल्या.

मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहून थोपटत होते. सगळं कोर्ट थांबलं. हळूहळू हुंदके विरले, मान खांद्यावर कलंडली.

"चालू द्या," न्यायाधीश म्हणाले.

वकील चवड्यांवर एक पाऊल पुढे आला आणि कुजबुजला, "जिन्यात तुम्हाला कोणी भेटलं?"

"काय?" टायपिस्टबाई म्हणाल्या.

"वकीलसाहेब, मोठ्यानं बोला," न्यायाधीश म्हणाले. "नोंद व्हायला हवी."

वकिलानं ओठांवर बोट ठेवलं. "बाळ उठेल, साहेब."

टायपिस्टबाईंचे हात थांबले. सरकारी वकीलबाईंनी चेहरा फायलीत खुपसला. एजंट आपल्याच वकिलाकडे बघत राहिला. बोट ओठांवर तसंच राहिलं आणि वकिलाचे कान लाल होत गेले.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "हेही लिहून घ्या," ते म्हणाले, तेही हळूच.

बाहेर आले तर सासूबाई उठून उभ्या. "काय झालं?"

"निकाल नंतर लागेल. मी होतं तेच सांगितलं."

त्या बाळाकडे बघून म्हणाल्या, "रडून रडून अंग तापलंय का गं?"

"नाही, आई."

त्यांचा हात सवयीनं कपाळाकडे निघाला, मध्येच थांबला. त्यांनी बाकावरची माझी पिशवी उचलून खांद्याला लावली.

"नाही ना? चल मग."