सैल सळई

"बघ, बघ! अंगात आल्यासारखी करतेय की नाही?" मोटरच्या आवाजावर आवाज चढवत दादा ओरडला.

शेडमध्ये पाण्याच्या पिंपावर होडीची जुनी मोटर बसवली होती. दांड्याची मूठ दादाच्या हातात होती आणि मोटर मध्येच गुरगुरत होती, मध्येच दम टाकत होती.

"सरक, मला दे," धाकटा भाऊ म्हणाला. धक्क्यावर सगळे त्याला मिस्त्री म्हणत. त्याने मूठ धरली आणि मोटर एका सुरात चालू लागली.

"तुला घाबरते," दादा म्हणाला. "माझ्याशीच वाकडं आहे सटवीचं."

"तूच लाडावून ठेवलीयस."

दोघं हसले. मिस्त्रीने मोटर बंद करून वरचं झाकण काढलं.

आतली रचना समजायला अवघड नाही. मुठीपासून एक तार निघते, ती एका सळईला जोडलेली असते आणि सळई कार्बोरेटरच्या गळ्यातली छोटी चकती उघडते. चकती जितकी उघडी, तितका मोटरला जोर. सळईच्या टोकाला आटे असतात. टोक फिरवलं की तिची लांबी कमी-जास्त होते. मूठ बंद असताना चकती पूर्ण मिटली पाहिजे आणि मूठ जराशी फिरताच तिने हलायला लागलं पाहिजे. सगळी कारागिरी त्या 'जराशी'मध्ये असते.

मिस्त्रीने सगळं तपासलं. तार नवी होती, सांधा घट्ट होता, चकती नीट मिटत होती. मागच्या खेपेला त्यानेच तर बसवलं होतं. त्याने दादाला पुन्हा मोटर सुरू करायला लावली, आणि या वेळी मोटरकडे न बघता त्याच्या हाताकडे बघितलं.

अंगठा थरथरत होता. तेवढीच मूठ थरथरत होती, तेवढीच सळई, तेवढीच चकती. मोटर बिचारी सांगेल तसं करत होती.

"सापडलं का काही?" दादाने विचारलं.

"बघतो."

वहिनी चहा घेऊन आल्या. मिस्त्रीचा कप काठोकाठ होता, दादाचा अर्धा.

"काय वहिनी, नवऱ्यालाच हात आखडता?"

"त्यांचा गार होतो," वहिनी म्हणाल्या. "थोडा थोडा दिलेला बरा." त्यांनी मिस्त्रीकडे एकदा बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. दादा पाठ करून चहा पीत होता. अर्धा कप, तोही दोन्ही हातांनी धरून.

वहिनी गेल्यावर मिस्त्री म्हणाला, "दादा, एकदा डॉक्टरकडे जाऊन येऊ या का?"

"मोटर बिघडली की मी डॉक्टरकडे जायचं? मग मला ताप आला की तू येशील पाना घेऊन!"

मिस्त्री हसला. पुढे बोलायला हवं होतं हे त्याला कळत होतं. पण वडिलांनंतर दादानेच ही उतारूंची होडी चालवली होती, याला कामाला लावलं होतं, याचं लग्न लावून दिलं होतं. त्या माणसाला 'होडी सोड' कोणत्या तोंडाने सांगायचं?

त्याने पाना घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा सळई मुद्दाम सैल ठेवली. आता मूठ थोडी फिरली तरी चकती जागची हलत नव्हती. हाताची थरथर त्या सैलपणात जिरून जात होती.

"हां! आता कशी शहाण्यासारखी वागतेय!" दादाने त्याच्या पाठीवर थाप मारली. मिस्त्री कितीतरी वेळ फडक्याने हात पुसत राहिला.

काही आठवडे बरे गेले. मग दादा पुन्हा आला, आणि मिस्त्रीने आणखी दोन आटे सोडले. त्यानंतर पुन्हा.

होडीला ब्रेक नसतो. धक्का जवळ आला की उलटा गिअर टाकून किंचित जोर द्यायचा, मग ती थांबते. त्या सकाळी मिस्त्री धक्क्यावरच उभा होता. दादाने गिअर टाकला, मूठ फिरवली. मोटर ऐकेना. आणखी फिरवली. तिला ऐकू येईपर्यंत होडी धक्क्यावर आदळली होती.

रोज होडीने येणारी शिवणकाम करणारी एक बाई गुडघ्यांवर पडली. तळहात खरचटला होता, तरी ती म्हणाली, "अहो दादा, होडी लावायची होती की धक्का पाडायचा होता?" कुणी हसलं नाही.

दादाने तिची माफी मागितली. उतारू उतरल्यावर त्याने मोटरचं झाकण काढलं, बोटाने सळई हलवली आणि ती किती हलते ते बघत राहिला.

"ही तू सैल ठेवलीस?"

मिस्त्री होडीत उतरून त्याच्याजवळ बसला.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"दादा..."

"तुझ्या वहिनीला?"

मिस्त्रीने होय म्हणून मान हलवली. पलीकडे जायचे उतारू धक्क्यावर थांबले होते. एकाने हाक दिली.

"आवळ ती," दादा म्हणाला. "होती तशी कर."

मिस्त्रीने आटे आवळले. दादा उठला, दांडा ओलांडून पुढे गेला आणि मधल्या फळीवर उतारूंसारखा बसला.

"तू ने. लांबून वळव, उथळ आहे तिथे."

पलीकडच्या काठाला एकेक जण उतरला. उतरताना प्रत्येकाने सवयीने त्यालाच म्हटलं, "येतो हं दादा."

उजवा हात मांडीखाली दाबून धरून तो प्रत्येकाला मान हलवून निरोप देत राहिला.