गुळाचं पाणी

साळुबाईने बादलीतल्या कोमट पाण्यात गुळाचा खडा सोडला आणि तो विरघळेपर्यंत हाताने ढवळत राहिली. मग बोट चाटून पाहिलं.

"आणखी टाका, आत्याबाई," पाठीवर फवारणीचा पंप अडकवत तिची सून वृषाली म्हणाली. "मधमाशांना काय शुगर हाय व्हय?"

साळुबाई हसली आणि आणखी एक खडा टाकला.

घरामागच्या गुंठाभर रानात बियाण्यासाठी लावलेले कांदे फुलले होते. प्रत्येक दांड्याच्या टोकाला पांढरा गोंडा. एरवी या दिवसांत तिथे मधमाशांचा असा घोंगाट असे, की बांधावरच्या माणसाला हाक मारायची तरी घसा ताणावा लागे. यंदा रान मुकं होतं. ऐकू येई ती फक्त टेकडीवरच्या क्रशरची घरघर. तिथे डोंगर फोडून खडी करायचे आणि पुण्याकडच्या टॉवरांना पाठवायचे. भुकटी तेवढी इथे राहायची, पानांवर, धुण्यावर, भाकरीच्या पिठात. टेकडीच्या कड्यावरची आग्या मोहळं एकामागून एक उठून गेली होती.

साळुबाईचा मुलगा सूरज त्याच क्रशरवर डंपर चालवायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बोलणार कोणाला?

हे बी साळुबाईच्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं. दिवाळीपर्यंत साठवणीच्या चाळीत न सडणारा कांदा. एकेकाळी अर्धं आळे गाव न्यायचं. मग पाकिटाचं बी आलं आणि हे एका घरापुरतं उरलं. सूरजनेही मोठ्या रानात पाकिटाचंच लावलं होतं. म्हणून चाळीत राहिलेला घरचा कांदा साळुबाईने वेचून या गुंठ्यात लावला होता, एकूण एक. कांद्याचं बी वर्षापलीकडे धड उगवत नाही. यंदा भरलं नाही तर संपलं.

गुळाच्या पाण्याचा वास लांबवर गेला की माशा येतात, हे तिला सासूने शिकवलेलं. दोघींनी गोंडान् गोंडा भिजवला. ऊन वर आल्यावर खरंच आल्या. कुठून आल्या देव जाणे, दहा-बारा तरी होत्या. वृषालीने टाळी वाजवली. साळुबाई बांधावर बसून त्यांच्याकडे बघत राहिली. तिला इतका आनंद झाला की भाकर खायची आठवण राहिली नाही.

"आल्या गं माझ्या बाया!"

दुपारी वारा फिरला. टेकडीवरून पांढरा लोट उठला आणि सावकाश रानावर उतरला. रोजचंच ते. पण रोज गोंडे कोरडे असायचे आणि दांडा हलवला की भुकटी झडायची. आज ती गुळावर बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळुबाईने एक गोंडा हातात घेतला तर तो कडक लागला. फुलांवर राखी खपली धरली होती. चिमटीत दाबली तेव्हा बोटांना खरखर लागली. खपलीत दोन माशा अडकल्या होत्या. एकीचा पाय अजून हलत होता. साळुबाईने नखाने तिला सोडवलं, तळहातावर घेतलं, हळूच फुंकर घातली. पंख खपलीतच चिकटून राहिले होते.

"करायला गेले गणपती अन् झाला मारुती," ती म्हणाली.

पंपाने धुवायला गेल्या, तर खपलीबरोबर फुलंही गळून आली. मग दोघी सऱ्यांतून वाकून फिरल्या, या गोंड्यावरचा तळवा त्या गोंड्यावर फिरवत. माशांचं काम माणसांनी केलं. तळवे परागांनी पिवळसर व्हायला हवे होते. ते सिमेंट कालवणाऱ्या गवंड्याच्या हातांसारखे झाले.

उन्हाळ्यात गोंडे खुडून बडवले. बी पाण्यात टाकलं की भरलेलं तळाला जातं, पोकळ वर तरंगतं. पातेलं काळ्या सायीने भरलं. साळुबाईने ती साय ओतून दिली. तळाला मूठभर उरलं.

"कशाला जिवाला लावून घेती, आई?" सूरज दारातून म्हणाला. अंगावर भुकटी, भुवयासुद्धा पांढऱ्या. "नारायणगावातनं पाकिटं आणतो की."

"आण बाबा. तुझी काय चूक न्हाई."

बी सावलीत वाळलं, त्या आठवड्यात बेल्ह्याचा पीरमहंमद कालवड बघायला आला. जनावरांचा व्यापारी, पूर्वी कांद्याचं बी इथूनच न्यायचा.

"भाऊ, तुमच्याकडं क्रशर हाय का?"

"न्हाई वहिनी, अजून तरी न्हाई. का?"

ती आत गेली आणि फडक्याची पुरचुंडी घेऊन आली.

"कांदा करा. चांगले चार ठेवून पुन्हा बी धरा. इकू नका कुणाला."

पीरमहंमदने पुरचुंडी दोन्ही हातांनी घेतली आणि हातावर तोलली. घरचं बी कोणी सगळं देत नाही. चिमूटभर तरी मडक्यात मागे ठेवतात, नाहीतर घराची बरकत जाते म्हणतात.

"घरात ठिवलं ना वहिनी?"

"ठिवलंय की."

वृषाली दाराशी उभी होती. तिने सासूकडे, मग आतल्या रिकाम्या मडक्याकडे पाहिलं आणि चहा टाकायला आत वळली.

पीरमहंमदची गाडी रस्त्याला लागेपर्यंत साळुबाई ओट्यावर थांबली. मग खाली उतरून तिने त्या गुंठ्यातले वाळलेले दांडे उपटायला घेतले.