पांढऱ्याचा नियम

"तोंड उघडा. जीभ वर करा."

नर्सबाई माझ्या धाकट्या बहिणीला रोज असं सगळ्या वॉर्डासमोर तपासायच्या. का, तर म्हणे ही पोटॅशियमच्या गोळ्या चोरून थुंकते! रक्तातलं पोटॅशियम वर चढेना, हातापायांत गोळे येत होते, काळजाचे ठोके चुकत होते, आणि मोठ्या डॉक्टरांनी हिलाच खोटारडी ठरवलं. "असंच चाललं तर हृदय बंद पडेल," असा वर मलाच दम. चोर सोडून संन्याशाला फाशी!

ती बिचारी माझा हात धरून एवढंच म्हणायची, "ताई, मी गिळते गं."

मग मूत्रपिंडाची नवी डॉक्टरीण आली. गोळ्यांचं तिनं नावच काढलं नाही. पलंगाच्या कडेला टेकली नि विचारलं, "जेवता काय?"

"पांढरा ब्रेड, नाहीतर पांढरा भात. दोन्ही वेळा कामावरच."

"भाजी? डाळ?"

"चालत नाही ना तिथं."

माझं डोकंच सटकलं. ही लग्नाचे पांढरेशुभ्र झगे शिवते. मालकीणबाईंचा नियम असा, की कारखान्यात पांढऱ्याखेरीज काही खायचं नाही, कापडाला डाग पडतो. डब्यात हिरवं दिसलं की डबा दाराबाहेर. आणि बाहेर जाऊन खायला सुट्टी द्याल तर शपथ! इतकी वर्षं हे चाललंय. मी भाजी विकते हो! मी पाठवलेल्या जुड्या ही पोरांना रांधून घालायची आणि स्वतः ब्रेड घेऊन निघायची. मला मेलीला पत्ता नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

डॉक्टरिणीनं पुन्हा रक्त तपासायला पाठवलं. मॅग्नेशियम पार तळाला गेलेलं. ते मिळतं पालेभाज्यांतून नि डाळींतून; पांढऱ्या ब्रेड-भातात नावालाच.

"मूत्रपिंडात पोटॅशियम बाहेर सोडणारी बारीक दारं असतात," ती म्हणाली. "मॅग्नेशियम ही त्या दारांची कडी. कडीच नसेल तर दारं सताड उघडी. कितीही गोळ्या द्या, सगळं लघवीवाटे जाणार. आधी कडी घालू."

"म्हणजे ही थुंकत नव्हती?"

"छे! या एकूण एक गोळी गिळत होत्या."

"जरा मोठ्यानं म्हणा. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाऊ दे."

तिनं खरंच मोठ्यानं म्हटलं. नर्सबाई सलाइनच्या नळीशी उगाच चाळा करत राहिल्या.

मॅग्नेशियम शिरेतून सुरू झालं, तसं पोटॅशियम अंगी टिकायला लागलं. ठोके सरळ पडू लागले. तेवढ्यात मालकीणबाईंचा फोन, "ऑर्डर खोळंबल्यात, कधी येते?"

"ब्रेड खा आणि तुम्हीच शिवा!" म्हटलं नि फोन आपटला.

त्या दुपारी मी डबा नेला. पालेभाजी, डाळ, जाड भाकरी. झाकण काढलं, तर ही चादरीकडे बघत बसलेली.

"अगं, खा की!"

"ताई, चादर पांढरी आहे."

"पडू दे डाग! आग लागो त्या पांढऱ्याला!" मी ओरडले. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

तिनं ऐकलं नाही. सलाइनची नळी सांभाळत खाली उतरली, आणि फरशीवर बसून जेवली.