बाबारावांच्या बाडीतली चूल

मी चूल बोलून राहिली. हसू नका. तोंड काळं असलं म्हणून काय बोलू नाही का? आजवर जो तो माझ्यासमोर बसून आपलंच सांगत आला, मले कोणी काही इचारलं नाही. म्हणून आता न इचारताच सांगते.

माझा जन्म रायपूरजवळ, अभनपूरच्या अलीकडे, दोन एकरांच्या एका बाडीत, मळ्यात म्हणा, झाला. कन्हारची काळी माती, धानाचा भुसा आणि शेण कालवून मले घडवलं ते शेजारच्या ममताने आणि या घरच्या इंदूने. एक मोठं तोंड, बाजूले लहानसा वैल. वाळल्यावर इंदूने हळदीकुंकू वाहिलं आणि पहिल्या भाकरीचा तुकडा मले दिला. बोली मी तिच्याकडूनच शिकली.

इंदूचा नवरा बाबाराव. त्याचा सगळा जन्म रायपूरात गेला, बूढ़ापाऱ्यातल्या घरात आणि रेल्वेच्या हापिसात. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. रिटायर झाला आणि त्याच्या मनानं घेतलं की आता विकतचं खायचं नाही. आपलं धान, आपली तूर, आपली गाय. बाजारातून आणायचं ते फक्त मीठ आणि काडेपेटी. गॅसचं सिलिंडर त्याने सगळ्यात आधी परत केलं. "इंदू, आता कोणाच्या भरोशावर राहायचं नाही," म्हणे. इंदू हो म्हणाली. तो कोणाच्या भरोशावर राहणार आहे, हे तिले तरी कुठं माहीत होतं, बाप्पा!

बाबाराव राबायचाही, खोटं काहून बोलू? ऊन म्हणू नका, पाणी म्हणू नका, कुदळ घेऊन खपायचा. वांगी, मेथी, तूर, सगळं यायचं. पण शेतातून जे आलं ते माझ्यापाशी येऊन थांबायचं, आणि माझ्यापाशी एकटी इंदू. सकाळचा चहा, न्याहारी, दोन टाइमचा स्वयंपाक, आंघोळीचं पाणी, गाईचं आंबोण. एकदा पेटली की मले दिवसभर इसावा नव्हता, आणि तिलेही.

पहिल्याच हिवाळ्यात ममता येऊन बसली आणि पदराने डोळे पुसत, एवढा धूर काहून खाते, असं आपल्या छत्तीसगढीत म्हणाली, "दीदी, तैं काबर अतका धुआँ खाथस? हमर घर तो गैस आ गे हे."

"तुझ्या जिजाजीले चुलीवरचं आवडते," इंदू हसून म्हणाली.

ऐतवारी रायपूरहून गाड्या यायच्या. बाबारावचे हापिसातले जुने सोबती, त्यांच्या बायका, पोट्टे. बाबाराव खाटेवर बसून बोट दाखवत सांगायचा, हे घरचं, ते घरचं. पाहुणे डोलायचे, भाताले वास किती म्हणायचे, आणि मग माझे फोटो काढायचे. एक बाई तर इंदूले म्हणाली, "भाभीजी, फिर से फूँकिए न, धुआँ अच्छा आ रहा है." आणि इंदूने पुन्हा फुंकलं! असा राग आला मले. म्हटलं, मायबाई, आग लागो तुझ्या फोटोले.

दुसऱ्या पावसाळ्यात पाणी माझ्या छपराखाली येऊन राहिलं म्हणून बाबारावने माझ्या चहूबाजूंनी तट्टे बांधले. पाऊस थांबला, पण धूरही आतच थांबला. लाकडं ओली. इंदू फुंकणी तोंडाले लावून, गाल फुगवून फुंकायची, आणि मग भिंतीले टेकून खोकत बसायची. काळा बेडका पडायचा.

बाबाराव घाबरला नाही. उलट मोठ्या खात्रीने म्हणाला, "ते रायपूरचं आहे. जन्मभर कारखान्यांची काळी धूळ खाल्ली आपण. आता चांगली हवा लागली, तर आतली घाण बाहेर निघून राहिली. निघू दे."

एवढा शिकलेला माणूस! धूळ तर दोघांनीही खाल्ली होती. मग याच्या छातीतून काहून निघत नाही, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

बाडीत अडुळसा होता. घरचं औषध असताना डॉक्टर कशाले, म्हणून तो रोज मूठभर पाला तोडून, धुऊन इंदूच्या हातात द्यायचा. मोठ्या मायेने द्यायचा, बरं का. आणि काढा उकळायचा कुठं? माझ्यावर. निम्मा होईपर्यंत आटवायचा. तेवढा वेळ ती माझ्या तोंडाशी बसून खोकत खोकत खोकल्याचं औषध करायची. मी तरी काय करू? ओलं लाकूड घातलं तर माझ्यातून धूरच निघणार.

एकदा तिने इचारलं, "अवो, पावसापुरता एखादा लहान गॅस आणता का?"

बाबाराव ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने ताट बाजूले सारलं. "तूच असं म्हणशील, तर लोकांनी काय म्हणावं?" म्हणाला आणि दोन दिवस तोंड पाडून हिंडला. इंदूने पुन्हा गॅसचं नाव काढलं नाही.

त्यांची पोरगी देवश्री नवा रायपूरात नोकरी करते. मराठी समजते तिले, पण उत्तर हिंदीत देते. दिवाळीले आली ती गाडीत शेगडी आणि सिलिंडर घालूनच. "मम्मी, ये रखो. पापा से मैं बात कर लूँगी."

इंदूने शेगडीचा कान फिरवून पाह्यला, पुन्हा बंद केला. तिच्या तोंडावर असा उजेड आला की मले वाटलं, सुटली बाई! मी कोपऱ्यात थंड पडली असती, माझ्यात कोंबडी निजली असती, चाललं असतं मले. मग इंदूने खाटेकडे पाह्यलं. बाबाराव पाठ करून बसला होता.

"घेऊन जा, पोरी," इंदू म्हणाली. "या वयात त्यांचं मन कशाले मोडू? खोकल्याचं काय, जाईल काढ्याने."

"मम्मी, आप पागल हो क्या?" देवश्री रडली, भांडली. सिलिंडर परत गेलं.

पुसाच्या थंडीत एका सकाळी इंदूने मले पेटवलं, चहा ठेवला आणि फुंकणी तिच्या हातून गळाली. दम लागला, ओठ निळे पडले. चहा उतू जाऊन माझ्या निखाऱ्यांवर सांडला. बाहेरून बाबाराव इचारून राहिला होता, "झाला का चहा?" दूध घ्यायले आलेल्या ममताने आत पाह्यलं आणि किंकाळी फोडली. गाडी आली, इंदूले रायपूरले नेलं. दवाखान्यातून ती जिवंत परत आली नाही.

तिथं काय झालं ते मले तेरवीच्या दिवशी कळलं. देवश्री माझ्याजवळ उभी राहून बापाले म्हणाली, "पापा, डॉक्टर ने सबसे पहले क्या पूछा, पता है? पूछा, आपकी माँ कितने साल से बीड़ी पीती हैं."

तेवढ्यात स्वयंपाकाची बाई इचारायले आली, गॅसची भट्टी कुठं मांडू म्हणून. बाबाराव म्हणाला, "भट्टी नको. चुलीवरच करा. तिले चुलीचंच आवडे."

खोटं! साफ खोटं! माझ्यापाशी बसून तिने एकदाही असं म्हटलं नाही. ती म्हणायची, "आज लवकर पेट वं माय, छाती लय दुखून राहिली."

आता मी थंडच असते. बाबारावने एकदा मले पेटवून पाह्यलं. काड्यांवर काड्या ओढल्या, धूर तेवढा झाला, आणि तो खोकत बाहेर पळाला. त्याचा चहा ममताच्या घरून येतो, गॅसवरचा. जेवणही तिकडूनच येते. कोठीत धान आहे, डब्यात तूर आहे, आणि म्हातारा दुसऱ्याच्या ताटाची वाट पाहत बसते. कीव येते त्याची. रागही येते.

गेल्या ऐतवारी एक नवं जोडपं आलं, यशदीप आणि त्याची बायको श्रावणी. शेजारचीच जमीन घेणार म्हणे. बाबारावने त्यांना बाडी दाखवली, गाय दाखवली. माझ्यापाशी येऊन त्याने इंदूची फुंकणी उचलली. मले वाटलं, आता तरी खरं सांगेल. म्हणाला, "ही आमच्या मिसेसची चूल. फार जीव होता तिचा हिच्यावर."

यशदीप बायकोले म्हणाला, "हम भी ऐसा ही बनवाएँगे, है न?" आणि श्रावणी हौसेने "हव" म्हणाली.

पोरी, ऐकू येत असेल तर ऐक. बाडी घ्या, धान लावा, गाय पाळा, पोटभर घरचं खा. माझं त्याले काही म्हणणं नाही. पण चूल बांधलीच तर पहिला पावसाळा त्याले पेटवू दे. रोज, तिन्ही टाइम, ओल्या लाकडावर. सिलिंडर आणायले तो स्वतःच पळेल, पाहजो. इंदूले हे सांगायची लय इच्छा होती माझी, पण ती ऐकायले बसली की तिले खोकलाच यायचा.